नाव घेतल्याशिवाय थैली नाही

त्या फलकावर काय लिहिलंय ते वाचलंत? ‘तोफ क्रमांक चार.’ वाचलंत ना, मग आता विसरा. फलक लावणारी माणसं आली, दोन दिवस राहिली, ओळीनं आकडे घालून निघून गेली. त्यांनी गावात कुणाला विचारलं नाही आणि गावानंही आपण होऊन सांगितलं नाही. पण आमच्या आसोलात या तोफेला चार नंबर म्हणालात तर चहासुद्धा मिळायचा नाही. हिचं नाव ‘रुमाजीची’. रुमाजीची तोफ असंही कुणी म्हणत नाही, नुसतं रुमाजीची.

बसा, कठड्याच्या सावलीला बसा. एवढ्या पायऱ्या चढून आलात, दम खा. मी गुणाजी आसोलकर. एकवीस वर्षं तोफखान्यात काढली, हवालदार होऊन परत आलो. तोफेतलं याला कळतं, असं म्हणून गावानं कोट दाखवायचं काम माझ्या गळ्यात बांधलं. आता हात लावून बघा हिला. बाकीच्या तोफा खाऱ्या वाऱ्यानं सालपटून गेल्यात, हात फिरवला तर गंज हाताला लागतो. हिची पाठ मात्र घरातल्या पाट्यासारखी गुळगुळीत आहे. पॉलिश कुणी केलेलं नाही. ते कशानं झालं तेच सांगतो.

तोफेला नाव ठेवायची प्रत्येक सैन्याची आपली तऱ्हा असते. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, ते आपल्या साधुसंतांची नावं ठेवायचे. विजापूरकर आणि मोगल यांची नावं अशी भारदस्त, फतेह अमुक नि बुलंद तमुक, की नाव घेऊन होईस्तोवर लढाई संपावी. इंग्रजाला सगळ्यात वजनाचं महत्त्व. गोळा जितक्या रतलांचा तेच तोफेचं नाव. नऊ रतली, बारा रतली. रतल म्हणजे साधारण अर्धा शेर धरा. आणि आपली माणसं तोफेला देवीचं नाव ठेवणार, नाहीतर सरळ आत्याबाई म्हणणार. माझ्या वेळी सगळं आकड्यांवर आलं होतं, तोंडाची रुंदी किती मिलिमीटर ते तोफेचं नाव. तरीही पोरं आपापल्या तोफेला काहीतरी लाडाचं म्हणायचीच. नुसत्या आकड्यापाशी माणूस फार दिवस राहू शकत नाही.

तर असं सांगतात, की तेव्हा या कोटावर अकरा तोफा होत्या, आणि त्या चार राज्यांच्या. कुठली लढाईत मिळालेली, कुठली बुडालेल्या गलबतावरून ओढून काढलेली, कुठली विकत घेतलेली. एकीचं तोंड दुसरीला मिळत नाही, एकीची दारू दुसरीला चालत नाही. त्यासाठी दारूखान्यात प्रत्येक तोफेच्या दारूच्या थैल्या वेगळ्या शिवून ठेवलेल्या असायच्या. जाड तोफेला पाच शेरांची थैली, पातळ अंगाच्या जुन्या तोफेला तीन शेरांची. पाच शेरांची थैली चुकून तीन शेरवालीत ठासली तर गोळा पुढं जायचा नाही, तोफच फुटायची आणि मागं उभी असलेली माणसं जायची.

दारूखाना सांभाळायला अनंतपंत म्हणून कारखानीस होते. सरळ माणूस. त्यांनी आपल्या यादीत अकरा तोफांना एक ते अकरा असे क्रमांक घातलेले. एकदा काय झालं, भिकाजी नावाच्या गोलंदाजानं खाली निरोप धाडला, ‘नवाची थैली द्या.’ त्याची तोफ इंग्रजी, नऊ रतली. तो बिचारा आपल्या तोफेला नवाची म्हणायचा. अनंतपंतांच्या यादीत नऊ क्रमांकाची म्हणजे विजापूरची अजस्र तोफ. त्यांनी तिची थैली दिली. भिकाजी आणि त्याच्याबरोबरचे दोघं, तिघांचं जे काही मिळालं ते एका चादरीत गोळा करावं लागलं म्हणतात. अनंतपंतांचा उजवा कान त्या दिवसापासून कायमचा गेला.

चूक कुणाची म्हणाल? पंत यादीप्रमाणे बरोबर होते आणि भिकाजी त्याच्या बोलण्याप्रमाणे बरोबर होता. भिकाजीची बायको तेव्हा विशी-बाविशीची असेल. तिला हे कुणी समजावून सांगायचं?

किल्लेदारानं मग हुकूम काढला. आजपासून फिरंगी नाव नाही, फारसी नाव नाही, आकडा नाही, रतल नाही. जो गोलंदाज ज्या तोफेवर, त्याचं नाव तेच तोफेचं नाव. मालोजीची, रुमाजीची, जोत्याजीची. दारूखान्यात थैल्यांच्या फळ्याही गोलंदाजाच्या नावानं लागल्या. तोफेची तोफेशी गल्लत होते, माणसाची माणसाशी होत नाही, असं किल्लेदाराचं म्हणणं. आणि पंतांना ताकीद दिली की जो कोणी थैली मागायला येईल त्यानं गोलंदाजाचं नाव स्वच्छ उच्चारलं पाहिजे. खाणाखुणा नकोत, टोपणनाव नको. नाव घेतल्याशिवाय थैली नाही.

पंतांनी तो हुकूम काळजावर कोरून घेतला. तीन माणसांचं ओझं घेऊन जगणारा माणूस दुसरं काय करणार?

हुकूम चांगलाच होता. मीही तोफखान्यातला, मला विचाराल तर याहून बरा हुकूम मलाही सुचला नसता. पण तो काढला तेव्हा थैल्या वाहायला पुरुष होते.

पुढल्या साली नारळी पौर्णिमेनंतर आपलं आरमार उत्तरेला गेलं आणि कोटावरची निम्मी माणसं त्यावर गेली. आश्विनात एके दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी सात गलबतं दिसली. कुणाची होती? कुणी फिरंग्यांची म्हणतं, कुणी हबशाची. मला ठाऊक नाही आणि जे ठाऊक नाही ते मी सांगत नाही. गलबतं भरतीबरोबर आत येऊ लागली. किल्लेदारानं माणसं मोजली तर तोफांवरच पुरती माणसं नव्हती, थैल्या कोण वाहणार? तेव्हा बायका म्हणाल्या, आम्ही वाहतो. दारूखाना ते हा बुरूज, मधे चौतीस पायऱ्या. पाण्याचे हंडे वाहणाऱ्या बायांना त्याचं काय मोठं?

अडचण त्यांच्या लगेच ध्यानात आली. थैली मागायची तर नाव घ्यायचं आणि नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. तुम्ही हसताय, पण त्या काळी ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, हे जन्मल्यापासून ऐकलेलं. लग्नात, बारशात उखाण्यातून घ्यायचं ते वेगळं, तिथं मंगल असतं, वर अक्षता पडत असतात. पण मरण दारात उभं असताना त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं म्हणजे यमाला बोट करून दाखवणं, की बाबा, हा बघ, हाच तो.

बायकांनी मग तोड काढली. आपल्या नवऱ्याची थैली आपण न्यायचीच नाही. या बुरुजावर दोन तोफा होत्या, एक मालोजीची, जाड, पाच शेरवाली, आणि दुसरी ही रुमाजीची, फिरंग्यांची जुनी, पातळ अंगाची, तीन शेरवाली. रुमाजीची बायको आवडी आणि मालोजीची बायको कृष्णी, दोघी शेजारणी. कृष्णीनं खिडकीशी जाऊन ‘रुमाजीची’ म्हणायचं, आवडीनं ‘मालोजीची’ म्हणायचं, आणि आपापल्या तोंडाला कुलूप. सगळ्या कोटावर बायकांनी अशाच अदलाबदली केल्या आणि कुणी पुरुषाला त्याचा पत्ताही नव्हता.

सकाळचे दोन प्रहर असं चाललं. पायऱ्यांवर वर-खाली होताना दोघी एकमेकींना भेटत. कृष्णी चेष्टेखोर. म्हणायची, ‘तुझ्या घरच्यांची थैली कशी पिसासारखी गं, आणि माझ्यांची वाहून तुझी कंबर मोडायची.’ एवढ्या धुरातही आवडीला हसू यायचं, असं सांगतात.

दोन प्रहरानंतर एक गोळा पायऱ्यांच्या कडेला आदळला. दगडाच्या चिपा उडाल्या. कृष्णीचा उजवा दंड फाटला आणि ती तिथंच बसली. बायकांनी तिला ओढून आत नेली. तिच्या जागी जायला दुसरी बाई नव्हती. आवडी खाली पोहोचली तेव्हा वरून निरोप आला होता की रुमाजीची तोफ थंड पडलीये, थैली पाठवा, एक गलबत नेमकं समोर आलंय.

आवडी दारूखान्याच्या खिडकीशी उभी राहिली. आता ती खिडकी तुम्ही येताना पाहिलीत. दीड वीत रुंद. आत भर दुपारीसुद्धा काळोख, दिवा न्यायची सोय नाही, दारू आहे ना आत. पंत आत बसून नाव ऐकणार, चाचपत त्या नावाच्या फळीशी जाणार आणि थैली बाहेर सरकवणार. बोट दाखवून उपयोग नाही, त्यांना बोट दिसत नाही. आवाजावर सगळा कारभार, आणि त्यांना एकच कान.

‘थैली द्या.’

‘कुणाची?’

‘पश्चिमेच्या बुरुजावरची.’

‘बुरुजावर दोन आहेत. नाव?’

‘आमच्या ह्यांची.’

‘बाई, इथं सगळ्यांचेच हे आहेत. नाव सांग.’

तिनं सांगून पाहिलं, जुनी तोफ, फिरंग्यांची, जिच्या पाठीवर दाढीवाला बाबा कोरलाय ती. पंत म्हणाले, तसलं काही मला सांगू नकोस. मागं असंच काहीबाही ऐकून मी तीन माणसं मारली. नाव घे, थैली घे. आत एक माणूस घाबरलेला, बाहेर एक बाई घाबरलेली, आणि दोघांना एकाच गोष्टीची भीती, आपल्या हातून तोफेवरचा माणूस जाऊ नये.

इकडे आड, तिकडे विहीर. नाव घ्यावं तर तिनंच त्याचं आयुष्य तोडलं. न घ्यावं तर तो वर रिकामी तोफ घेऊन गलबतापुढं उभा. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? तिनं तेच केलं जे आपल्याकडे प्रत्येक बाई बाजारात, देवळात, कुठंही करते. पोराचं नाव पुढं केलं. तिच्या पोराचं नाव मालू. ती म्हणाली, ‘मालूच्या बापाची.’

बाहेर तोफांचा गडगडाट. पंतांच्या एका कानात त्यातलं ‘मालू’ तेवढं शिरलं. ते मालोजीच्या फळीशी गेले आणि पाच शेरांची थैली बाहेर आली.

तिनं ती कमरेवर घेतली आणि धावली. सबंध सकाळ त्याच वजनाच्या थैल्या वाहिलेल्या, तिच्या कमरेला त्यात काही वेगळं लागलं नाही. शिवाय जीव सगळा वर. बुरुजाच्या तोंडाशी दारू ठासायचा गज मारणारा गडी उभा होता, त्यानं थैली हिसकूनच घेतली, तोफेच्या तोंडात सारली आणि ठासली. वर गोळा ठासला. आवडी वळली, तीन पायऱ्या उतरली, आणि तिला कृष्णीचं बोलणं आठवलं. पिसासारखी. ह्यांची थैली पिसासारखी असते. ही पिसासारखी नव्हती.

भिकाजीची चादर तिनं स्वतः धुतली होती, असं काहीजण सांगतात. ते खरं-खोटं देव जाणे, पण पाच शेर तीन शेरांच्या तोफेत गेलं की काय होतं हे त्या कोटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती परत वर धावली. धूर इतका की माणसांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. रुमाजी तोफेच्या मागं, समुद्राकडे तोंड करून, हातात पेटती बत्ती, नजर गलबतावर. सगळ्या गोलंदाजांच्या कानात कापसाचे बोळे. तिच्यात आणि त्याच्यात वीस-पंचवीस हात अंतर, आणि मधे मालोजीची तोफ मागं सरकत होती, त्या बाजूनं जायची सोय नाही.

ती ओरडली, ‘अहो!’

कुणी वळलं नाही. ‘अहो, थांबा!’ बुरुजावर सात पुरुष आणि सातही कुणाचे ना कुणाचे अहो. एकानं अर्धवट मान फिरवली, तो तिचा नव्हता. रुमाजीचा बत्तीचा हात वर गेला.

तेव्हा तिनं नाव घेतलं. पहिल्यांदा ते ओठातल्या ओठात राहिलं. दुसऱ्यांदा घशात अडकलं. तिसऱ्यांदा जे निघालं ते या कोटावर आजवर निघालेल्या कुठल्याही तोफेच्या आवाजापेक्षा मोठं होतं, असं आमच्याकडे म्हणतात.

‘रुमाजी!’

तो वळला. तेरा वर्षं संसार केलेला माणूस. तिचा आवाज त्याला पाठ होता, पण त्या आवाजात आपलं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बत्ती हातात तशीच राहिली. आवडीनं त्याच्या तोफेकडे बोट केलं, मग मालोजीच्या तोफेकडे केलं. मालोजी जवळ होता, त्यानं काय ते ओळखलं. पाण्याचा घडा उचलून तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती लावायच्या भोकात ओतला, आणि मग सगळ्यांनी मिळून गोळा नि थैली उलट बाहेर काढली. थैलीवर मालोजीच्या फळीची खूण होती.

रुमाजीच्या तोफेनं त्या दिवशी पुढं बार केला नाही. तिची कसर बाकीच्यांनी भरून काढली. संध्याकाळी ओहोटी लागली, गलबतांना वाळूत रुतायची भीती, ती मागं फिरली आणि परत आली नाहीत. कोट राहिला. पण मी ही गोष्ट कोटाची सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी रुमाजीला ताप भरला. लढाईत खांद्यात दगडाची एक चीप शिरली होती, ती काढली होती, तीच चिघळली. ताप चढतच गेला. आणि गावाची तोंडं सुटली. गावाचं काय, हात फिरवला तर लक्ष्मी नांदेल, तोंड उघडलं तर विस्तव पडेल. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पाणवठ्यावर बोललेलं घरात पोचतंच. तिनं नाव घेतलं ना, तेही तीनदा घेतलं. मग दुसरं काय होणार?

आवडी घरात जाईना. ओटीच्या खाली, पायरीवर बसून राहिली. सासू आतबाहेर करी, काढे देई. आवडी काही खाईना, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलेनाशी झाली. आपल्या तोंडातून आणखी काही निघालं तर त्याचं आणखी काही जाईल, अशी धास्ती. आतून त्याचं कण्हणं ऐकू यायचं. प्रत्येक कण्हण्याबरोबर ती दचकायची. असे पाच दिवस.

सहाव्या दिवशी कृष्णी आली. दंडाला फडकं बांधलेलं. ती तिच्या शेजारी पायरीवर बसली. तेव्हा आवडी बोलली. एवढंच म्हणाली, ‘मी त्यांना वाचवलं की मारलं, ते मला कुणीतरी सांगा.’

कृष्णी तापट बाई. ती उठली आणि घराघरात गेली. म्हणाली, नाव घेतल्यानं आयुष्य तुटत असेल तर आपल्या सगळ्यांच्या नवऱ्यांचं तुटू दे. त्या दिवशी अदलाबदल केली म्हणून आपण सगळ्या शहाण्या ठरलो आणि ती एकटी पापी? माझा हात फाटला नसता तर तिच्यावर ही पाळी आली नसती. मी घेणार आहे. तुमचं तुम्ही बघा.

दुपारपर्यंत बायका या बुरुजावर जमल्या. चाळीसेक होत्या म्हणतात. आवडीला दोघींनी धरून आणली. खाली पुरुष उभे, आणि खरं सांगतो, गलबतं आली तेव्हा घाबरले नव्हते एवढे तेव्हा घाबरले होते. पण बायकोला नको म्हणायला एकाचीही जीभ उचलेना. कृष्णीनं डावा हात या तोफेवर ठेवला, खाली नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मालोजी.’ मग दुसरी आली, मग तिसरी. कुणी पुटपुटली, कुणी डोळे मिटून घेतलं, एक तर नाव घेऊन तिथंच रडायला लागली. आवडी नुसती बघत होती. तिचा चेहरा जसा होता तसाच, दगडासारखा. इतक्या जणींनी घेतलं, पण त्यांचे नवरे सगळे खाली धडधाकट उभे होते ना. तिला त्याचा आधार कसा वाटावा?

सगळ्यात शेवटी एक बाई पुढं आली, जिला कुणी बोलावलंच नव्हतं. भिकाजीची बायको. कपाळ रिकामं. तिनं तोफेवर हात ठेवला आणि उभी राहिली. मग म्हणाली, ‘भिकाजी.’ आणि आवडीकडे वळून म्हणाली, ‘मी त्यांचं नाव जन्मात एकदाही घेतलं नाही गं. आज पहिल्यांदा घेतलं. तरी गेलेच ना ते?’

बस. एवढंच बोलली ती. आवडी तिच्या गळ्यात पडून रडली, पाच दिवसांचं सगळं रडली, आणि उठून घरात गेली. नवऱ्याच्या उशाशी बसली. त्याला शुद्ध होती-नव्हती, पण ती त्याला नावानं हाका मारत राहिली, काढा घ्या रुमाजी, कूस वळा रुमाजी. सासूनंही हरकत घेतली नाही.

ताप उतरला. पुढं तो किती वर्षं जगला? मी लहानपणी जुन्या माणसांना हेच विचारलं होतं. कुणी चाळीस म्हणायचं, कुणी सातच म्हणायचं. एका म्हातारीनं मला दटावलं, ‘ते मोजायचं नसतं. मोजलं की पुन्हा तेच आलं.’ मला तेव्हा कळलं नाही. पुढं सीमेवर असताना कळलं. घरी माझी बायको दिवस मोजत बसली असती तर वेडी झाली असती. आणि मी तिथं नुसता आकडा होतो ना, माझ्या नंबरानंच पगार, नंबरानंच हजेरी. ती रोज संध्याकाळी इथं वर यायची आणि माझं नाव घेऊन खाली जायची. मला हे तिनं सांगितलं नाही, शेजाऱ्यांनी सांगितलं.

आजही आसोलात नवी सून आली की सोळाव्या दिवशी तिला या बुरुजावर आणतात. गावच्या बायका जमतात. नवरा तिकडे कठड्याशी, समुद्राकडे तोंड करून, कानात कापसाचे बोळे घालून उभा राहतो. तिनं या तोफेवर हात ठेवायचा आणि त्याला नावानं हाक मारायची, तो वळेपर्यंत. उखाणा चालत नाही, अहो चालत नाही. या सगळ्यांच्या हातांनी ही पाठ अशी झालीये. आणि ज्या बाईचा नवरा गेलेला असतो तिला आमच्याकडे या वेळी सगळ्यात पुढं उभी करतात. आसपासच्या गावांत अजून तिला मागं ठेवतात, आमच्याकडे नाही.

गेल्या वैशाखात आमच्या मयूरेशची बायको आली, कल्याणी, नाशिकची. मयूरेश नौदलात. पोरगी मोठी हसरी. मला म्हणाली, ‘काका, यात काय विशेष? मी तर त्याला रोज नावानंच हाक मारते, अरे-तुरे करते.’ म्हटलं, मग मार की. तिनं हात ठेवला. तो तिकडे पाठमोरा उभा, पुढं नुसता समुद्र. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. चार दिवसांनी त्याची सुट्टी संपत होती. दुसऱ्यांदा उघडलं, पुन्हा तेच. बायका थांबल्या, कुणी तिला घाई केली नाही. तिसऱ्या वेळी तिनं जी हाक मारली ती खाली वाडीत ऐकू गेली. तो वळला तेव्हा ती रडत होती, आणि तिथं जमलेल्या एकाही बाईनं तिला का म्हणून विचारलं नाही.